ऑनलाईन व्यावसायिक परिचय आणि रोजगार : भिलाईच्या निमित्ताने

भिलाई येथे पोलाद कारखाना उभारण्याचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि मुंबई-हावडा लोहमार्गावरील या परिसराचे रूप पालटले. विदर्भ, आंध्र, केरळ, बंगाल, बिहार, पंजाब अशा सर्व भागांतून आलेल्या कुटुंबांनी येथील सेक्टर वसवले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले, तेव्हा भिलाई हे त्या राज्याचे सर्वांत महत्त्वाचे औद्योगिक शहर होते.

अशा कारखान्याच्या गावात माणसाची ओळख सोपी असते. 'कोक ओव्हनमधला फोरमन', 'रेल मिलमधला इलेक्ट्रिशियन' एवढे सांगितले की ऐकणाऱ्याला त्याचे काम, त्याचा दर्जा आणि त्याचा अनुभव कळतो. ही ओळख कोणी लिहून ठेवत नाही, कारण ती लिहिण्याची गरजच पडत नाही. परंतु गेल्या अडीच-तीन दशकांत परिस्थिती बदलली आहे. कारखान्यातील नियमित कर्मचाऱ्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली, अनेक कामे कंत्राटदारांकडे गेली आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतील तरुणांना पुणे, नागपूर, हैदराबाद, जामनगर किंवा आखाती देशांकडे पाहावे लागले. तेथे 'रेल मिल' हा शब्द पुरेसा ठरत नाही. तेथील भरती अधिकाऱ्याने उमेदवाराला पाहिलेले नसते आणि त्याच्या वरिष्ठांशीही त्याची ओळख नसते. उमेदवाराविषयी त्याच्यासमोर असतो तो केवळ संगणकाच्या पडद्यावरील परिचय, म्हणजेच प्रोफाइल.

हातात कौशल्य आहे, पण ते पडद्यावर दिसत नाही, अशा उमेदवाराचे नुकसान दुहेरी असते. त्याला योग्य काम मिळत नाही आणि ज्या उद्योगाला त्याची गरज आहे, त्यालाही तो सापडत नाही. हे अंतर कमी करण्यासाठी ऑनलाईन परिचय कसा असावा, तो कशामुळे परिणामकारक ठरतो आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार भिलाईसारख्या शहराच्या संदर्भात करणे उद्बोधक ठरेल.

सेवायोजन कार्यालयापासून संकेतस्थळापर्यंत

काम शोधणारा आणि काम देणारा यांची गाठ घालून देणारी सार्वजनिक यंत्रणा भारतात १९४५ साली सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मुक्त झालेल्यांचे पुनर्वसन हा तिचा मूळ हेतू होता. पुढे सेवायोजन कार्यालये सर्वांसाठी खुली झाली. १९५९ च्या रिक्त पदे अधिसूचित करणाऱ्या कायद्याने सरकारी आस्थापना तसेच २५ किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापना यांच्यावर रिक्त पदे कार्यालयास कळवण्याचे बंधन घातले. मात्र कार्यालयाने पाठवलेल्या उमेदवारांमधूनच निवड केली पाहिजे, असे त्या कायद्याने सांगितले नव्हते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक पदांच्या बाबतीत सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागवण्याबरोबरच वृत्तपत्रे व अन्य माध्यमांतून जाहिरात द्यावी आणि अर्ज करणाऱ्या सर्वांचा विचार व्हावा, असे स्पष्ट केले. नोंदणी कार्ड दर तीन वर्षांनी नूतनीकृत करून बोलावण्याची वाट पाहण्याचे दिवस त्यानंतर हळूहळू मागे पडले.

याच सुमारास खासगी संकेतस्थळे पुढे आली. नोकरी डॉट कॉम हे भारतीय संकेतस्थळ १९९७ साली सुरू झाले. व्यावसायिकांचे परस्परसंबंध जोडणारे लिंक्डइन हे अमेरिकी संकेतस्थळ मे २००३ मध्ये खुले झाले. केंद्र शासनाच्या कामगार व रोजगार मंत्रालयाने २० जुलै २०१५ रोजी राष्ट्रीय करिअर सेवा हे पोर्टल सुरू केले. त्यावर उमेदवार आणि नियोक्ता या दोघांनाही विनाशुल्क नोंदणी करता येते. १९५९ चा कायदा पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आला आणि 'सेवायोजन कार्यालय' या संज्ञेची जागा 'करिअर केंद्र' या संज्ञेने घेतली.

येथे एक भेद आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. भारतीय पोलाद प्राधिकरण म्हणजे सेल, रेल्वे, राज्य शासन यांसारख्या सार्वजनिक संस्थांमधील नियमित पदे जाहिरात आणि परीक्षा यांच्या मार्गानेच भरली जातात. तेथे चांगल्या प्रोफाइलमुळे निवड होत नाही. खासगी उद्योग, प्रकल्प उभारणी करणाऱ्या कंपन्या, देखभालीची कामे घेणारे कंत्राटदार, सल्लागार संस्था आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्र येथे मात्र ऑनलाईन परिचयाचे महत्त्व मोठे आहे. या दोन मार्गांची गल्लत करणारा उमेदवार दोन्हीकडचा वेळ गमावतो.

भरती अधिकारी शोध कसा घेतो

पुष्कळ उमेदवारांची अशी समजूत असते की, संकेतस्थळावर नोंदवलेला परिचय कोणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो. प्रत्यक्षात वाचनापूर्वी शोध असतो. भरती अधिकारी संकेतस्थळाच्या शोधपेटीत काही शब्द लिहितो. पदाचे नाव, यंत्राचे किंवा प्रक्रियेचे नाव, एखादे प्रमाणपत्र असे हे शब्द असतात. त्यानंतर तो अनुभवाची वर्षे, ठिकाण, अपेक्षित वेतन, रुजू होण्यास लागणारा काळ आणि उमेदवार अलीकडे संकेतस्थळावर सक्रिय होता की नाही, अशा चाळण्या लावतो. हजारो नावांतून काही डझन नावे उरतात. त्यांची केवळ शीर्षके आणि पहिल्या दोन-तीन ओळी पाहून मोजक्या उमेदवारांना दूरध्वनी केला जातो.

या कार्यपद्धतीतून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, जो शब्द परिचयात नाही, त्या शब्दाच्या शोधात तो उमेदवार सापडणार नाही, मग त्याचे कौशल्य कितीही उच्च प्रतीचे असो. दुसरा असा की, रिकाम्या ठेवलेल्या रकान्यांची किंमत मोजावी लागते. ठिकाण किंवा अनुभवाची वर्षे न भरल्यास चाळणीतच नाव गळते. तिसरा असा की, दोन वर्षांपूर्वी भरून सोडून दिलेला परिचय यादीत तळाला जातो. दर दोन-तीन महिन्यांनी परिचयाची फेरतपासणी करणे, नवे काम किंवा नवे प्रशिक्षण त्यात नोंदवणे, हा म्हणूनच चांगला नियम होय.

व्यवसायांच्या नावांबाबत राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण, २०१५ उपयोगी पडते. त्यात प्रत्येक व्यवसायाला सांकेतिक क्रमांक दिला असून राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टलही त्याचा आधार घेते. वेल्डिंग आणि फ्लेम कटिंग करणाऱ्यांचा गट ७२१२ या क्रमांकाखाली येतो. आपल्या कामाचे सर्वमान्य नाव कोणते, त्याच्या जवळची आणखी कोणती नावे बाजारात वापरली जातात, हे पाहून ती सर्व नावे परिचयात नैसर्गिकपणे यावीत असे पाहिले पाहिजे. 'फिटर' असे लिहिणाऱ्याने 'मेकॅनिकल मेंटेनन्स' हेही शब्द वापरल्यास त्याची सापडण्याची शक्यता वाढते.

शीर्षक आणि सारांश

परिचयाचे शीर्षक हा त्यातील सर्वाधिक वाचला जाणारा भाग होय. लिंक्डइनवर त्यासाठी २२० अक्षरांची मर्यादा आहे. अन्य संकेतस्थळांवरही मर्यादा आहेतच. पुष्कळ जण या जागेत 'मेहनती व प्रामाणिक', 'योग्य संधीच्या शोधात' किंवा नुसते 'बेरोजगार' असे लिहितात. यापैकी कोणताही शब्द भरती अधिकारी शोधत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका उमेदवाराने शीर्षकात लिहिले आहे : 'वेल्डर, ८ वर्षांचा अनुभव'. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. हेच शीर्षक असे लिहिता येईल : 'पाइप वेल्डर, टिग आणि आर्क, सिक्स-जी पात्रता, बॉयलर व उच्चदाब वाहिन्यांचे काम, ८ वर्षे, भिलाई, नागपूर-पुणे येथे जाण्यास तयार'. सिक्स-जी म्हणजे ४५ अंशांत कललेल्या स्थिर नळीच्या सांध्यावर घेतली जाणारी परीक्षा. जाणकाराला या एका शब्दावरून वेल्डरच्या हाताची पातळी कळते. भारतीय बॉयलर विनियमांखालील पात्रता, अर्थात आयबीआर प्रमाणपत्र असल्यास त्याचाही उल्लेख शीर्षकातच असावा, कारण बॉयलरच्या कामासाठी माणसे शोधणारा अधिकारी नेमका तोच शब्द लिहितो.

शीर्षकानंतर येणाऱ्या सारांशात चार प्रश्नांची उत्तरे असावीत. उमेदवार कोणते काम करतो, कोणत्या प्रकारच्या उद्योगात त्याने ते केले, त्याचा सर्वांत भक्कम पुरावा कोणता आणि त्याला पुढे कोणते काम हवे आहे. हे सहा-सात वाक्यांत सांगता येते. बहुतेक भरती अधिकारी इंग्रजीतून शोध घेत असल्याने परिचय इंग्रजीत असणे सोयीचे ठरते. परंतु त्यासाठी अलंकारिक इंग्रजीची गरज नाही. दुसऱ्याच्या परिचयातून उचललेली भारदस्त वाक्ये मुलाखतीत उमेदवाराला अडचणीत आणतात. लहान, सरळ आणि स्वतःला उच्चारता येतील अशी वाक्ये अधिक विश्वासार्ह असतात.

कारखान्याची बोली आणि बाजाराची भाषा

भिलाईच्या उमेदवारांपुढील खरी अडचण येथे सुरू होते. मोठ्या कारखान्याची स्वतःची बोली असते. 'एस.एम.एस.-२ मध्ये तीन वर्षे' हे वाक्य सेक्टरमधील कोणालाही कळते. तेथे एस.एम.एस. म्हणजे पोलाद वितळवण्याचा विभाग. पुण्यातील एखाद्या भरती अधिकाऱ्याला मात्र त्यातून भ्रमणध्वनीवरील संदेशच आठवेल. 'कॅपिटल रिपेअर' म्हणजे भट्टी किंवा मिल नियोजनपूर्वक बंद ठेवून केलेली मोठी दुरुस्ती. तेलशुद्धीकरण किंवा वीजनिर्मिती क्षेत्रात याच स्वरूपाच्या कामाला 'शटडाऊन' अथवा 'ओव्हरहॉल' म्हणतात. हे शब्द परिचयात शेजारी-शेजारी आले, तर पोलाद उद्योगातला अनुभव इतर उद्योगांनाही ओळखता येतो.

कामाचे वर्णन करताना विभागाचे नाव सांगून थांबू नये. यंत्र कोणते, त्याची क्षमता किती, त्यावर उमेदवाराची जबाबदारी कोणती आणि कामाचा परिणाम काय झाला, या क्रमाने लिहिल्यास चित्र स्पष्ट होते. 'क्रेन ऑपरेटर' याऐवजी 'ईओटी क्रेन, अमुक टन क्षमता, द्रव धातूच्या लॅडलची हाताळणी, तीन पाळ्यांत काम' असे लिहिता येते. 'इलेक्ट्रिशियन' याऐवजी 'रोलिंग मिलच्या मोटारी व ड्राइव्ह यांची देखभाल, पीएलसीवरील दोष शोधणे' असे लिहिता येते. राज्य परवाना मंडळाने दिलेला वायरमन परवाना असल्यास त्याचा वर्ग आणि मुदत लिहावी. भट्टीच्या आतील उष्णतारोधक विटांचे अस्तर बसवणारा गवंडी स्वतःला केवळ 'मिस्त्री' म्हणवतो. वास्तविक 'रिफ्रॅक्टरी मेसन' या नावाने सिमेंट, काच, ॲल्युमिनियम अशा अनेक उद्योगांत त्याला मागणी असू शकते.

आकड्यांचा वापर जपून करावा. भिलाईच्या युनिव्हर्सल रेल मिलमध्ये १३० मीटर लांबीचे अखंड रूळ तयार होतात आणि ते जोडून २६० मीटरचे रूळ रेल्वेला दिले जातात. ही कारखान्याची कामगिरी आहे. तेथे काम केलेल्या एखाद्याने तो आकडा आपल्या परिचयाच्या माथ्यावर मिरवला, तर त्यातून त्याचे स्वतःचे काम कळत नाही. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी सेलने सुमारे ३०,००० टन विशेष पोलाद पुरवले आणि त्यात भिलाई, बोकारो व रूरकेला येथील कारखान्यांचा वाटा होता. प्लेट मिलमधील तंत्रज्ञाने 'विक्रांतच्या उभारणीत सहभाग' असे लिहिण्यापेक्षा 'विशेष दर्जाच्या पोलादी प्लेटांची जाडी व पृष्ठभाग यांची तपासणी' असे लिहिणे अधिक उचित ठरते. पहिले वाक्य वाचणाऱ्याला थक्क करते, दुसरे त्याला काम देण्याजोगा माणूस दाखवते.

एक दक्षता आणखी. पोलाद कारखान्यासारख्या सुरक्षित क्षेत्रात विनापरवाना छायाचित्रे काढण्यास मनाई असते. आपल्या कामाचा पुरावा म्हणून आतील यंत्रांची छायाचित्रे किंवा कार्यालयीन आरेखने प्रोफाइलवर टाकणे हे नियमभंगाचे ठरू शकते. नवा नियोक्ताही असा उमेदवार आपली गुपिते राखेल का, याविषयी साशंक होतो.

कंत्राटी कामगार आणि पुराव्याचा प्रश्न

नियमित कर्मचाऱ्याकडे नेमणूकपत्र, पदोन्नतीचे आदेश आणि सेवापुस्तक असते. कंत्राटी कामगाराकडे अनेकदा प्रवेशपत्रापलीकडे काहीच नसते. दहा वर्षांत पाच कंत्राटदार बदलतात, काम मात्र त्याच भट्टीवर चालू राहते. परिचयात काय लिहावे, असा प्रश्न त्याला पडतो. मुख्य कारखान्याचे नाव नियोक्ता म्हणून लिहिले तर ते असत्य ठरते. कंत्राटदाराचे नाव लिहिले तर ते कोणाला माहीत नसते. योग्य मार्ग असा की, नियोक्ता म्हणून कंत्राटदाराचे नाव द्यावे आणि त्यापुढे कामाचे ठिकाण म्हणून कारखान्याचे व विभागाचे नाव स्पष्ट लिहावे. पाच कंत्राटदारांची पाच तुटक कामे दाखवण्याऐवजी 'एकाच ठिकाणी सलग दहा वर्षे, कंत्राटदार बदलत गेले' हे सारांशात सांगावे. त्यामुळे वारंवार नोकरी बदलणारा, असा चुकीचा ग्रह होत नाही.

पुराव्याच्या बाबतीत कायद्यानेही आता आधार दिला आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० च्या कलम ५६ नुसार कंत्राटी कामगाराने मागणी केल्यास, त्याने केलेल्या कामाचा तपशील असलेले अनुभव प्रमाणपत्र देणे कंत्राटदारावर बंधनकारक आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कामगारांना नेमणूकपत्र देण्याची तरतूदही तिच्यात आहे. हे प्रमाणपत्र मागून घेण्याची सवय लागली, तर कंत्राटी कामगारांच्या परिचयाचा पाया भक्कम होईल. कंत्राट संपल्यावर कंत्राटदार शोधत फिरण्यापेक्षा काम चालू असतानाच ते मागणे शहाणपणाचे आहे.

याखेरीज कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या सार्वत्रिक खाते क्रमांकावर सेवेचा इतिहास पाहता येतो. कोणत्या आस्थापनेकडे कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत अंशदान जमा झाले, हे त्यात दिसते. परिचयातील तारखा या नोंदींशी जुळल्या पाहिजेत, कारण मोठे नियोक्ते पडताळणीसाठी त्यांचाच आधार घेतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे, म्हणजे आयटीआयचे प्रमाणपत्र, शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ खालील राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र आणि गुणपत्रके शक्य तेथे डिजिलॉकरमध्ये जपून ठेवावीत. शिकाऊ उमेदवारीचा काळ मात्र 'शिकाऊ उमेदवार' म्हणूनच दाखवावा. तो नोकरी म्हणून दाखवणे ही लहानशी वाटणारी लबाडी पडताळणीत हमखास उघडी पडते. भविष्य निर्वाह निधीच्या कक्षेबाहेर असलेल्या असंघटित कामगारांसाठी २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेले ई-श्रम पोर्टल राष्ट्रीय करिअर सेवेशी जोडलेले आहे, हीही उपयुक्त बाब होय.

अभियांत्रिकी पदवीधर आणि खंडित अनुभव

भिलाई-दुर्ग परिसर हा शिक्षणाचेही केंद्र आहे. दुर्ग येथील भिलाई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८६ साली स्थापन झाली. छत्तीसगढ स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय भिलाईत आहे. भिलाईची आयआयटी २०१६ साली सुरू झाली आणि तिचे स्थायी संकुल २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राला समर्पित करण्यात आले. या शहरातून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांपैकी ज्यांना महाविद्यालयातच नेमणूक मिळत नाही, त्यांच्यासाठी ऑनलाईन परिचय हे पहिले दार असते.

नव्या पदवीधराकडे अनुभव नसतो. त्याच्याकडे प्रकल्प असतो, प्रशिक्षण असते. बहुतेक परिचयांत प्रकल्पाचे केवळ शीर्षक आढळते. चार जणांच्या गटात आपण नेमके काय केले, कोणती अडचण आली आणि ती कशी सोडवली, हे तीन वाक्यांत लिहिणारा विद्यार्थी इतरांपासून वेगळा उठून दिसतो. कौशल्यांच्या यादीत वीस संगणकीय भाषा लिहिण्यापेक्षा ज्या तीन-चार विषयांवर मुलाखत देण्याची तयारी आहे, तेवढेच लिहावे. एकच परिचय सर्व प्रकारच्या नोकऱ्यांसाठी वापरण्याचा मोहही टाळावा. यांत्रिकी अभियंत्याला पोलाद उद्योगातही जायचे आहे आणि माहिती तंत्रज्ञानातही, अशा वेळी दोन्हीकडे अर्धवट वाटणारा परिचय कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

विवाह, बाळंतपण, आजारपण किंवा कुटुंबातील शुश्रूषेमुळे कामात खंड पडलेल्यांची, विशेषतः स्त्रियांची, स्थिती अधिक नाजूक असते. हा खंड लपवण्यासाठी तारखा ताणणे धोक्याचे असते. कारण एका ओळीत सांगून त्या काळात घेतलेले प्रशिक्षण, केलेली शिकवणी किंवा बचत गटाचा सांभाळलेला हिशेब नोंदवणे अधिक योग्य ठरते. तारखांमधील मोकळी जागा वाचणाऱ्याच्या मनात शंका उभी करते, एका ओळीचे प्रांजळ स्पष्टीकरण ती दूर करते.

बायोडाटा आणि प्रोफाइल यांतील फरकही समजून घ्यावा लागतो. आपल्याकडील पारंपरिक बायोडाटात वडिलांचे नाव, जन्मतारीख, जात, वैवाहिक स्थिती, घरचा पूर्ण पत्ता असा तपशील असतो. ऑनलाईन परिचयात याची गरज नसते. आधार क्रमांक, पॅन, बँक खाते यांपैकी काहीही त्यात असू नये. शहराचे नाव, चालू भ्रमणध्वनी क्रमांक आणि साधा ई-मेल पत्ता एवढे पुरेसे आहे. छायाचित्र स्वच्छ, समोरून घेतलेले आणि अलीकडचे असावे.

फसवणुकीपासून सावधगिरी

परिचय जितका उघड, तितकी त्यावर वाईट नजर पडण्याची शक्यता अधिक. नोकरी लावून देण्याच्या नावाखाली 'नोंदणी शुल्क', 'वैद्यकीय तपासणी शुल्क', 'सुरक्षा ठेव' मागणारे दूरध्वनी आणि सार्वजनिक उपक्रमांच्या नावाची बनावट नेमणूकपत्रे हे प्रकार सर्वत्र आढळतात. प्रामाणिक नियोक्ता उमेदवाराकडून नोकरीसाठी पैसे घेत नाही, हा नियम पक्का लक्षात ठेवावा. संदेश ज्या ई-मेल पत्त्यावरून आला तो कंपनीचाच आहे का, हे तपासावे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर साहाय्य क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

परदेशातील नोकरीच्या बाबतीत भरती करणारा दलाल परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे की नाही, हे ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. उत्प्रवास नियमांनुसार नोंदणीकृत दलाल उमेदवाराकडून कमाल ३०,००० रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर एवढेच सेवाशुल्क घेऊ शकतो. लाख-दीड लाख रुपये मागणारा मध्यस्थ कायद्याच्या बाहेर आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आणखी एक साधी, पण महत्त्वाची गोष्ट. छत्तीसगढमध्ये ज्यांना लोक चॉइस सेंटर म्हणतात त्या केंद्रांत किंवा एखाद्या दुकानात जाऊन अनेक जण नोंदणी करून घेतात. तेथे दुकानदाराचाच ई-मेल किंवा भ्रमणध्वनी क्रमांक नोंदवला गेला, तर भरती अधिकाऱ्याचा दूरध्वनी उमेदवारापर्यंत कधीच पोहोचत नाही आणि पुढे परिचयात बदलही करता येत नाही. नोंदणी कोणाच्याही मदतीने केली तरी क्रमांक स्वतःचा असावा आणि परवलीचा शब्द स्वतःजवळच असावा.

संस्थांची जबाबदारी

परिचय लिहिणे ही वैयक्तिक बाब असली, तरी ते शिकवणे ही सार्वजनिक जबाबदारी आहे. युवकांच्या कौशल्य विकासाचा हक्क देणारा कायदा छत्तीसगढने २०१३ साली केला. कौशल्य मिळवण्याचा हक्क मान्य केल्यावर ते कौशल्य योग्य शब्दांत मांडण्याचे प्रशिक्षण ही त्याची पुढची स्वाभाविक पायरी होय. आयटीआयच्या शेवटच्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने आपला परिचय स्वतः लिहावा, त्याच व्यवसायातील अनुभवी तंत्रज्ञाने तो तपासावा आणि मगच तो पोर्टलवर नोंदवावा, अशी पद्धत कमी खर्चात रुजवता येईल. जिल्हा रोजगार मार्गदर्शन केंद्रे या कामी पुढाकार घेऊ शकतात. सेवानिवृत्त फोरमन आणि अभियंते यांची भिलाईत वाण नाही. कारखान्याची बोली आणि बाहेरच्या उद्योगाची भाषा या दोहोंत दुभाष्याचे काम त्यांच्याइतके चांगले कोण करणार?

महाराष्ट्राच्या दृष्टीनेही हा विषय दूरचा नाही. चंद्रपूर येथील सेलचा फेरो अलॉय प्रकल्प, बल्लारपूरचा कागद कारखाना, विदर्भातील औष्णिक वीज केंद्रे आणि कोळसा खाणी यांच्या आश्रयाने वाढलेल्या वस्त्यांतही कौशल्य पुष्कळ आणि त्याची लेखी ओळख थोडी, हीच स्थिती आढळते. महाराष्ट्र शासनाच्या महास्वयम् पोर्टलवर नोंदणीची सोय आहे. परंतु नोंदणी करणे आणि नेमका परिचय लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेथेही लक्षात घ्यावे लागेल.

समारोप

ऑनलाईन परिचयामुळे नव्या नोकऱ्या निर्माण होत नाहीत. गुंतवणूक, उद्योगविस्तार आणि मागणी यांतूनच त्या निर्माण होतात. वेतन, सुरक्षितता आणि कामाचे स्थैर्य हे प्रश्नही परिचय सुधारल्याने सुटत नाहीत. ज्या नोकऱ्या उपलब्ध आहेत, त्या केवळ ओळखीपाळखीच्या माणसांत वाटल्या जाऊ नयेत, त्यांच्यापर्यंत अनोळखी पण लायक माणूस पोहोचावा, एवढे मात्र त्याने साधते. जेथे वशिल्याची साखळी लांब आहे, तेथे हे थोडके नव्हे.

त्यासाठी लागणारी सामग्री उमेदवाराजवळ असतेच. आपण केलेले काम, ते केल्याचा पुरावा आणि ते परक्याला कळेल अशा शब्दांत सांगण्याची तयारी, या तीन गोष्टींवर चांगला परिचय उभा राहतो. भिलाईतील पहिल्या पिढीने परक्या भाषेतील यंत्रे आणि आराखडे समजून घेऊन पोलाद निर्मिती आत्मसात केली. आजच्या पिढीला तेच कौशल्य बाहेरच्या जगाच्या भाषेत मांडायचे आहे. प्रशिक्षण संस्था, रोजगार केंद्रे आणि अनुभवी तंत्रज्ञ यांनी हात दिल्यास हे काम अवघड नाही.